त्या तपासणी कार्डावर आणखी एक प्रश्न हवा

प्रति,
राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे महाराष्ट्रातले अधिकारी, आणि शाळाशाळांतून फिरणाऱ्या तपासणी पथकांतले डॉक्टर, सिस्टर व औषधनिर्माते

विषय: रक्ताच्या कॅन्सरमधून बऱ्या झालेल्या मुलांच्या हृदयाची तपासणी

सप्रेम नमस्कार.

मी परभणी जिल्ह्यातल्या एका जिल्हा परिषद शाळेत शिकवते. वर्षातून एकदा तुमची गाडी आमच्या फाटकात वळते आणि ‘सुईवाले आले, सुईवाले आले’ म्हणत निम्मी पोरं शाळेच्या मागच्या बाजूला पळतात. त्यांना धरून आणून रांगेत उभं करायचं काम माझ्याकडे असतं. वजनकाटा ऑफिसच्या दारात, दृष्टीचा तक्ता व्हरांड्याच्या भिंतीवर आणि डॉक्टर मॅडमचं टेबल तिसरीच्या वर्गात.

मागच्या वर्षी त्या रांगेत माझी लेकही होती. तेव्हा ती सातवीत होती. मॅडमनी छातीला-पाठीला स्टेथोस्कोप लावला, जीभ बघितली, पापणी खाली ओढून बघितली, ‘खातेस का नीट?’ असं विचारलं आणि कार्डावर खुणा केल्या. तिच्या वाट्याला दोन-अडीच मिनिटं आली. मागे साठ-सत्तर पोरं उभी असताना तेवढी पुष्कळच. मॅडमचं काहीही चुकलं नाही. पण माझ्या लेकीच्या बाबतीत जे बघायला हवं, ते स्टेथोस्कोपमधून बहुतेक वेळा ऐकू येत नाही आणि विचारल्याशिवाय कुणाला कळतही नाही. त्या दिवशी मीही गप्प बसले. तिच्या मागे तिच्या वर्गातल्या सगळ्या मुली उभ्या होत्या ना!

तेव्हा जे बोलले नाही ते आता लिहिते.

२०१६ च्या दिवाळीत, साडेचार वर्षांची असताना, लेकीला रक्ताचा कॅन्सर निघाला. आधी पंधरा दिवस नुसता ताप आणि ‘पाय दुखतात’ एवढंच. मग मांडीवर निळे डाग दिसायला लागले. अ‍ॅक्यूट लिम्फोब्लास्टिक ल्युकेमिया, डॉक्टर लोक नुसतं एएलएल म्हणतात. देवगिरी एक्सप्रेसनं मुंबई गाठली, दादरला गाडगे महाराजांच्या धर्मशाळेत जागा मिळाली आणि पुढची अडीच वर्षं आमचं घर दोन ठिकाणी चाललं.

पहिल्या महिन्यातलं एक औषध लाल होतं. सरबतासारखं लाल. ते शिरेतून गेलं त्या रात्री लेक लघवीला बसली आणि लघवी लालभडक. मी तिला तशीच उचलून जिन्यानं खाली पळत सुटले. यवतमाळकडची एक बाई तिच्या नातवाला घेऊन तिथं राहायची, तिनं मला अडवलं. म्हणाली, ‘घाबरू नोको वं माय, औषधाचा रंग हाये तो.’ दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनीही तेच सांगितलं. आणखी एक गोष्ट सांगितली, ती मात्र त्या वेळी माझ्या डोक्यात शिरली नाही: ‘या औषधाचा परिणाम हृदयावर होऊ शकतो. आम्ही अधूनमधून टूडी एको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, करत राहू.’ मूल जगतंय की नाही याची चिंता असताना हृदयाचं कोण ऐकतं?

त्या लाल औषधाचं नाव डॉनोरूबिसिन. त्याचंच भावंड डॉक्सोरूबिसिन, तेही लालच. पुढे वाचताना कळलं की १९५० च्या दशकात इटलीत, कॅस्टेल देल मोंते या जुन्या किल्ल्याजवळच्या मातीत एक जिवाणू सापडला, त्याच्यापासून हे औषध निघालं. नावातलं ‘रुबी’ माणकाच्या रंगावरून आलंय. ल्युकेमियाची मुलं आज मोठ्या संख्येनं बरी होतात त्यात या औषधांचा मोठा वाटा आहे. त्यांच्याबद्दल माझी तक्रार नाही. लेक समोर खो-खो खेळताना दिसते ती त्यांच्यामुळेच.

पण हे औषध हृदयाच्या स्नायूच्या पेशींनाही मारतं आणि त्या पेशी नव्यानं फारशा तयार होत नाहीत. तुम्ही डॉक्टर आहात, तुम्हाला हे मी काय सांगणार? तरी एक शिक्षिका म्हणून मी ते कसं समजून घेतलं ते सांगते. साडेचार वर्षांची पोर पंधरा किलोची. तिच्या हृदयातल्या काही पेशी गेल्या तरी पंधरा किलोच्या शरीराला उरलेल्या पुरतात. मग ती वाढते. चाळीस किलोची होते, पन्नास किलोची होते, उद्या बाळंतपणाचा भार येतो. हृदयाला त्याच कमी पेशींवर मोठं व्हावं लागतं. भिंती पातळ राहतात, ताण वाढतो. म्हणून हे दुखणं औषध चालू असताना दिसलं नाही तरी सात, दहा, वीस वर्षांनी डोकं वर काढू शकतं. तोवर कॅन्सरची फाईल माळ्यावर गेलेली असते.

हे काही कालपरवा कळलेलं नाही. १९९१ साली न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये बॉस्टनच्या डॉक्टरांनी एएलएलमधून बऱ्या झालेल्या ११५ मुलांचा अभ्यास छापला होता. उपचार संपून एक ते पंधरा वर्षं झालेली ही मुलं. त्यांतल्या ५७ टक्के मुलांच्या हृदयाच्या आकुंचनात किंवा त्यावरच्या ताणात काही ना काही बिघाड दिसला होता. त्या काळी डोस आजच्यापेक्षा मोठे होते, त्यामुळे तो आकडा आजच्या मुलांना जसाच्या तसा लावू नये. त्याच १९९१ साली परळच्या टाटा मेमोरियलमध्ये उपचार संपलेल्या मुलांसाठी वेगळी ओपीडी सुरू झाली. म्हणजे मुंबईत ही समज गेली तीस-पस्तीस वर्षं आहे. परभणीपर्यंत यायला तिला देवगिरीची एक रात्रही पुरली असती.

आता एकोबद्दल थोडं सविस्तर लिहिते, कारण घोळ तिथंच होतो.

पहिल्या लाल डोसाआधी लेकीचा एको झाला. गार जेली छातीवर लावल्यावर ती किंचाळली. ‘अंगावर गोगलगाय सोडली’ असं वर्षभर सांगत होती. मधल्या टप्प्यात, पुन्हा लाल औषध सुरू करण्याआधी, दुसरा एको झाला तेव्हा ती तापात होती, हिमोग्लोबिन खाली गेलेलं, रक्तात जंतू. रिपोर्टवर इजेक्शन फ्रॅक्शन ४८ आलं. हृदयाचा डावा खालचा कप्पा एका ठोक्यात आतल्या रक्तापैकी किती टक्के बाहेर फेकतो, तो हा आकडा. साधारण ५५ च्या वर असायला हवा. मी हादरले. डॉक्टरांनी मात्र लाल औषधाला लगेच दोष दिला नाही आणि ते बंदही केलं नाही. ‘जंतुसंसर्गातही हृदय मंदावतं. ताप जाऊ दे, रक्त चढू दे, मग परत बघू,’ म्हणाले. दोन आठवड्यांनी आकडा ६२ आला आणि उरलेले डोस दिले गेले. मोठ्या डोसाच्या मुलांना हृदय वाचवण्यासाठी आधी डेक्स्राझोक्सेन नावाचं औषध देतात. हिच्या डोसाला त्याची गरज नाही, असंही त्यांनी तेव्हा समजावलं. एका आकड्यावर निर्णय घ्यायचा नसतो आणि आकड्याशिवाय तर घ्यायचाच नसतो, हे मी त्या पंधरा दिवसांत शिकले.

उपचार २०१९ मध्ये संपले. शेवटचा एकोही ६२. दोन वर्षांच्या आत पुन्हा करा, असं सांगितलं होतं. करोनात मुंबई शक्यच नव्हती, म्हणून २०२१ मध्ये इकडंच एका खासगी सेंटरला गेलो. रिपोर्टवर एवढंच: ‘एलव्ही फंक्शन नॉर्मल.’ म्हणजे त्या डाव्या खालच्या कप्प्याचं काम ठीक. आकडा नाही. मी परत आत गेले. ‘मॅडम, नॉर्मल म्हटल्यावर आकडा कशाला पाहिजे?’ मी म्हटलं, मागच्याशी ताडून बघायला. कॅन्सरची औषधं झालीत हे मी आधी सांगितलं होतं, तरी त्यांच्या चेहऱ्यावर या दोन गोष्टींचा संबंध उमटला नाही. शेवटी त्यांनी पेनानं कोपऱ्यात लिहून दिलं, ५८.

आता ६२ चे ५८ झाले ते हृदयामुळे की मशीनमुळे? मुंबईच्या डॉक्टरांना फोन केला. ते म्हणाले, दोन वेगळ्या माणसांनी दोन वेगळ्या मशीनवर मोजलं तर पाच-दहाचा फरक नुसता मोजण्यातला असू शकतो. कुठल्या पद्धतीनं मोजलं, सिम्पसन की एम-मोड, तेवढं तरी रिपोर्टवर आहे का? ते नव्हतंच. त्या चार टक्क्यांचं काय झालं हे मला आजतागायत माहीत नाही.

दरवर्षी प्रत्येक मुलाचा एको करा, असं माझं म्हणणं मुळीच नाही. उलट, गरज फार थोडी आहे. किती, हे लाल औषधाच्या एकूण डोसावर ठरतं. तो मोजतात शरीराच्या प्रत्येक चौरस मीटर पृष्ठभागामागे मिलिग्रॅममध्ये. लेकीच्या डिस्चार्ज कार्डावर औषधांची नावं होती, बेरीज नव्हती. मग एका रविवारी उपचाराचे सगळे कागद जमिनीवर पसरून मीच केली. डॉनोरूबिसिन ३० चे चार डोस म्हणजे १२०. डॉक्सोरूबिसिन २५ चे तीन, म्हणजे ७५. एकूण १९५. नंतर कळलं की बेरीज इतकी सरळ नसते. हृदयाच्या हिशेबात डॉनोरूबिसिनचा भार डॉक्सोरूबिसिनच्या साधारण निम्मा धरतात. म्हणजे ६० आणि ७५, एकूण १३५. आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांप्रमाणे २५० किंवा त्याहून जास्त असेल तर दर दोन वर्षांनी एको, १०० ते २५० मध्ये असेल तर दर पाच वर्षांनी, आणि १०० च्या खाली असून छातीला रेडिएशनही नसेल तर नियमित एकोची गरज नाही. कुठल्याही हिशेबानं माझी लेक मधल्या गटात बसते. तिचा पुढचा एको २०२६ मध्ये आणि त्यानंतरचा २०३१ मध्ये. पाच वर्षांतून एक.

म्हणजे खर्च एकोचा नाही. तो लक्षात ठेवण्याचा आहे. आणि लक्षात ठेवण्यासाठी महाराष्ट्रात तुमच्याइतकी सोयीची यंत्रणा दुसरी नाही, म्हणून तुम्हाला लिहिते आहे.

तुमच्या कार्यक्रमाचा देशातला शुभारंभच आपल्याकडे झाला, ६ फेब्रुवारी २०१३ ला, तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यातल्या पालघरला. अंगणवाडीत वर्षातून दोनदा, सरकारी आणि अनुदानित शाळेत एकदा, अठरा वर्षांपर्यंतची मुलं तुमच्या हाताखालून जातात. सुरुवातीच्या तीस आजारांच्या यादीत जन्मजात हृदयविकार आहे, संधिवाताच्या तापानंतर होणारा हृदयविकारही आहे. छातीत आवाज ऐकू आला की तुम्ही त्या मुलाला जिल्ह्याच्या ठिकाणी टूडी एको शिबिराला बोलावता. आमच्या शाळेतला दुसरीतला एक मुलगा तसाच सापडला, त्याचं ऑपरेशनही झालं, आता झाडावर चढतो आणि माझ्याकडून मार खातो. हे सगळं तुमच्याकडे तयार आहे. गाडी आहे, कार्ड आहे, शिबिर आहे, पुढे पाठवायची वाट आहे. फक्त औषधानं दुबळं झालेलं हृदय या वाटेवर येत नाही, कारण त्याचा आवाज नसतो. त्यासाठी कार्डावर एक प्रश्न लागतो: या मुलाला पूर्वी कधी कॅन्सरची औषधं दिली आहेत का?

उत्तर ‘हो’ आलं तर पालकांना फाईल आणायला सांगा. फाईलमध्ये बेरीज नसेल तर ज्या रुग्णालयात उपचार झाले तिथून मागवा. तुमच्या शिक्क्याच्या पत्राला उत्तर मिळेल, माझ्या फोनला वाट बघावी लागते. ज्याची पाळी आली असेल त्याला जिल्ह्याच्या एको शिबिरात बसवा आणि रिपोर्टवर आकडा व पद्धत लिहायला सांगा. एका तालुक्यात अशी मुलं बोटांवर मोजण्याइतकी असतील. शिबिराची रांग त्यांनी वाढणार नाही. आणि दरवर्षी या मुलांचं ब्लडप्रेशर न चुकता घ्या. लाल औषध घेतलेल्या हृदयाला वाढलेलं ब्लडप्रेशर फार महागात पडतं, आणि स्टेरॉइडनंतर वजन वाढलेली मुलं यात पुष्कळ असतात. पट्टा तुमच्या पेटीत आहेच, लहान मापाचाही असू द्या.

हा प्रश्न विचारायचा कसा, याबद्दल मात्र माझं ऐका. रांगेत विचारू नका. मुलाला तर विचारूच नका. लेक पहिलीत आली तेव्हा एका आईनं तिच्या मुलीला हिच्या शेजारून उठवून दुसऱ्या बाकावर बसवलं होतं, ‘लागण होईल’ म्हणून. मी त्याच शाळेत शिक्षिका असताना! पी.टी.च्या सरांनी तिला दोन वर्षं मैदानाच्या कडेला बसवलं, तेही मायेनं. धावू-खेळू द्या असं डॉक्टरांनी लिहून दिलेलं पत्र दाखवलं तेव्हा कुठं तिला खो-खोच्या संघात घेतलं. तेव्हा हा प्रश्न पालकांना, एकट्यात, नाहीतर बंद पाकिटातून घरी पाठवलेल्या फॉर्मवर विचारा. उत्तर शाळेच्या रजिस्टरात चढवू नका. शिक्षकांच्या खोलीत काय काय बोललं जातं ते मी रोज ऐकते.

अजून एक. तुमची गाडी आमच्याकडे बहुधा दिवाळीनंतर येते. तोवर ऊसतोडीला जाणाऱ्या घरांतली पोरं फडावर गेलेली असतात. ज्यांना मुंबईला पुन्हा जाणं सगळ्यात अवघड, तीच तुमच्या रांगेतून निसटतात. या मुलांची तपासणी जून-जुलैत उरकता आली तर बघा.

आणि अठरा वर्षांनंतर काय? तुमचा कार्यक्रम अठराला संपतो, या हृदयाची खरी परीक्षा तिथून पुढे सुरू होते. आमच्या भागातली पोरं बारावी झाली की पहाटे डांबरी रस्त्यावर पोलीस भरतीचा सराव करताना दिसतात, मुलांना १६०० मीटर, मुलींना ८००. त्यांतल्या एखाद्याच्या अंगात लहानपणी लाल औषध गेलेलं असेल आणि त्याला स्वतःला ते माहीतही नसेल. मी हे कल्पनेनं लिहीत नाही. धर्मशाळेत आमच्यासोबत राहिलेल्या एका घरानं मुलाला आजवर सांगितलेलं नाही. ‘लहानपणी टायफॉइड झाला होता’ एवढंच त्याला माहीत आहे.

मुलींचं तर याहून अवघड. लग्न जमवताना ही गोष्ट दडवली जाते, आणि का दडवतात ते आपण सगळे जाणतो. मी कुणाला नावं ठेवत नाही, आमच्याही घरात सासूबाईंनी ‘आता कागद जाळून टाका’ म्हणून पाहिलं आहे. पण गरोदरपणात अंगातलं एकूण रक्त वाढतं, हृदयाला जास्त काम पडतं. लाल औषध घेतलेल्या बाईचा एको दिवस राहण्याआधी किंवा पहिल्या तीन महिन्यांत करून घ्यावा, असं तज्ज्ञ सांगतात. सासरच्या गावातल्या बाळंतपणाच्या डॉक्टरांना हे कोण सांगणार? फाईल माहेरी, माळ्यावर, तीही वाळवी लागली नसेल तर. शेवटच्या महिन्यात दम लागला की सगळे म्हणणार, ‘पोटुशी बाईला लागतोच दम.’

म्हणून अठरावं सरताना प्रत्येकाच्या हातात एक पान द्या. फाईल नको, एकच पान. मराठीत. कुठलं औषध, एकूण किती, छातीला रेडिएशन होतं की नाही, शेवटचा एको कधी, आकडा काय, पुढचा कधी. पाकिटात मावेल असं, आणि फक्त त्या मुलाच्या किंवा मुलीच्या हातात द्यायचं, आईबापाच्या नाही. ते कुणाला दाखवायचं ते त्यांचं ते ठरवतील. दवाखान्यात दाखवायला ते जवळ असलं म्हणजे झालं.

माझ्या लेकीचं पान मी हातानं लिहिलं आहे, फुलस्केपवर, निळ्या शाईनं. तिला सगळं माहीत आहे, आकड्यांसकट. परवा विज्ञानाच्या तासाला हृदयाचे चार कप्पे शिकवले तेव्हा घरी येऊन म्हणाली, ‘आई, माझा डावा खालचा बघायचा असतो ना?’

ती आता आठवीला शेजारच्या गावात, अनुदानित शाळेत जाते. तुमची गाडी तिथंही येईल. तारीख कळली की मी अर्ध्या दिवसाची रजा टाकून, ते पान घेऊन, रांग संपेपर्यंत फाटकापाशी थांबेन. मॅडमना दोन मिनिटं बाजूला यायला सांगेन.

आपली विश्वासू,
एक प्राथमिक शिक्षिका आणि आई
परभणी जिल्हा